पोटातले जीवाणू आणि कातडीवरचे इसब

दिवाळी सरली की नंदुरबार जिल्ह्यात हवा कोरडी पडते. तोरणमाळ-धडगावकडे तर थंडीही कडाक्याची. कोपराच्या नाही तर गुडघ्याच्या लवणीत ज्यांना इसब आहे, त्यांतल्या पुष्कळांची खाज याच दिवसांत वाढते. मग कोणी तरी ‘प्रोबायोटिक’ कॅप्सूल सुचवतो. पोटात चांगले जीवाणू गेले की कातडी सुधारेल म्हणे! विद्यार्थी मित्रहो, सौम्य इसबासाठी या कॅप्सूलांवर घरचा पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ कल्पना टाकाऊ नाही. आतड्यातील जीवाणूंचा आपल्या प्रतिकारशक्तीशी संबंध असतो, आणि इसबात ही शक्ती नको तितकी चेतवली जाते. उपकारक जिवंत जीवाणू म्हणजे प्रोबायोटिक. त्यांचे खाद्य म्हणजे प्रीबायोटिक. कांदा, लसूण, केळी यांत ते असतेच. फिनलंडमध्ये गरोदर मातांना व नंतर बाळांना ‘लॅक्टोबॅसिलस जीजी’ हा जीवाणू देऊन पाहिला. २००१ साली निष्कर्ष आला: दोन वर्षांपर्यंत त्या गटातील २३ टक्के मुलांना इसब झाले, दुसऱ्या गटात ४६ टक्के. केवढा फरक! पण जर्मनीत तोच जीवाणू दिला, तेव्हा २००८ साली असा काही लाभ आढळला नाही.

शिवाय हे प्रयोग इसब होऊ नये म्हणून केलेले. झालेल्या इसबाचे काय? ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१८ साली ३९ प्रयोग, म्हणजे सुमारे २,६०० रुग्ण, एकत्र तपासले. खाज आणि झोपमोड यांत प्रोबायोटिकने फारसा फरक पडत नाही, असे दिसले. प्रीबायोटिकचा पुरावा तर याहून तोकडा.

“पण आमच्या शेजाऱ्याला गुण आला!” येईलच. इसब आपोआप चढते-उतरते. खाज असह्य झाली की माणूस गोळी सुरू करतो. पुढे थंडी ओसरते, इसब उतरते, आणि श्रेय गोळीला मिळते. म्हणूनच खोटी गोळी घेणारा दुसरा गट लागतो.

याचा अर्थ सगळे प्रोबायोटिक फोल, असा मात्र नव्हे. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगात एका विशिष्ट जीवाणूने, प्रीबायोटिक साखरेच्या जोडीने, जंतुसंसर्ग बराच कमी केला (२०१७). कोणता जीवाणू, कोणत्या रोगावर, हे विचारायला हवे. डबीवर किती कोटी जीवाणू लिहिलेत, ते नंतर.

ताक-भाकरी खुशाल खा, अन्न म्हणून. कातडीला मात्र ओलावा हवा. कोमट पाण्याने झटपट अंघोळ करा, साबण बेताचा लावा आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोळा.

शिक्षकांना एक विनंती. आश्रमशाळेत अनेक मुले रात्री बोटांच्या बेचक्यांत खाजवत असतील, तर ती बहुधा खरूज असते. कडा उठलेले गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने गजकर्ण उलट पसरते. तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.