भूसंपादनात जमिनीचा भाव कसा ठरतो? शेजारच्या खरेदीखताला इतके महत्त्व का?

रस्ता, धरण किंवा रेल्वेसाठी जमीन जाणार म्हटले की पहिला प्रश्न असतो, एकरी किती मिळणार? याचे उत्तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे.

बाजारमूल्य कसे काढतात?
जिल्हाधिकारी प्रामुख्याने दोन आकडे पाहतात. एक, रेडी रेकनरचा दर. दोन, परिसरात आधीच्या तीन वर्षांत झालेल्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांपैकी जास्त भावाच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी. यातील मोठा आकडा धरला जातो.

मोबदला किती?
ग्रामीण भागात या मूल्याला १ ते २ चा गुणांक लागतो, शहरी भागात १. त्यात घर, विहीर, झाडांची किंमत मिळवून एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. बाजारमूल्य एकरी १० लाख आणि गुणांक २ असेल, तर नुसत्या जमिनीचे ४० लाख होतात.

अडचण कुठे?
मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात अनेकदा भाव कमी दाखवतात. १० लाखांऐवजी कागदावर ६ लाखच असतील आणि रेडी रेकनरही त्याहून कमी असेल, तर मोबदला २४ लाखांवर येतो. एकरी १६ लाखांचा फटका बसतो, तोही तो व्यवहार न केलेल्या शेतकऱ्याला.

निवाडा मान्य नसेल तर?
निवाड्यावेळी हजर असल्यास सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवण्याची मागणी करता येते. मात्र, रक्कम घेताना हरकत नोंदवली नसेल, तर हा हक्क जातो.