पालवणकर बाळू आपले की परके?



मागच्या रविवारी सकाळी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात वस्तीतली क्रिकेटवाली पोरे भांडत भांडत आली. भांडण बॅट-बॉलचे नव्हते, नावाचे होते. पोरे टेनिस बॉलची स्पर्धा भरवणार आहेत. चाकणला स्पर्धांची वानवा नाही. ज्याचा प्लॉट विकला गेला त्याच्या नावाचा चषक, ज्याला निवडणुकीला उभे राहायचे त्याच्या नावाचा चषक. आपल्या पोरांना वाटले, एखादा खऱ्या खेळाडूच्या नावाचा असावा.

"काका, नाव ठरलंय. पालवणकर बाळू चषक," एकजण म्हणाला.

"काही ठरलं-बिरलं नाही," दुसरा उसळला. "जो माणूस बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला, त्याच्या नावाचा चषक आपण भरवायचा? आणि तसाही तो आपला नाहीच."

आमच्याशेजारी आमचे शेजारी बसले होते. चर्मकार समाजाचे गृहस्थ, भोसरीच्या एका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वीस वर्षे भिंतीला भिंत लागून आहोत आणि रविवारचा चहा बहुधा एकत्रच. त्यांनी कप खाली ठेवला. "येतो मी, भाऊ," म्हणाले आणि निघून गेले. कपात अर्धा चहा तसाच होता. आम्ही चळवळीत पंचवीस वर्षे भाषणे दिली, पण त्या वेळी तोंडून एक शब्द निघाला नाही. तेव्हा न बोललेले या आठवड्याच्या सदरात लिहितो आहोत.

बाळूंचे नाव पोरांच्या कानावर आले ते सिनेमाच्या बातमीतून. २०२४ च्या मे महिन्यात बातमी आली की तिग्मांशू धुलिया पालवणकर बाळूंवर चित्रपट करणार आणि त्यात अजय देवगण बाळू होणार. कधी लागेल तेव्हा लागो. खेळाडूंवरचे सिनेमे आम्ही चुकवत नाही. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली आला, तेव्हा जयंतीच्या प्रसंगात अमिताभ बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिला आणि आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. आम्हीही मारली. (सौ.ने चिमटा काढला.) २०२४ सालचा 'चंदू चॅम्पियन' आम्हाला अधिक जवळचा वाटला. मुरलीकांत पेटकर यांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेतले आणि पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. म्हणजे हा माणूस तुमच्या-आमच्यासारखाच ड्युटीला जात होता. देशाने पद्मश्री दिली ती २०१८ साली, सेहेचाळीस वर्षांनी. आता बाळूंची पाळी, आणि इथे आम्हाला थोडी धास्ती आहे.

धास्तीचे कारण 'लगान'. २००१ चा तो चित्रपट आमच्या पिढीने पाच-पाच वेळा पाहिला. त्यातला कचरा आठवतो ना? गावाबाहेरचा, हात अधू असलेला. त्या अधू हातामुळे त्याचा चेंडू आपोआप वळतो. भुवन त्याला संघात घेतो, गावाला खडसावतो आणि कचरा मान खाली घालून उभा राहतो. त्या वेळी आम्हीही टाळ्या वाजवल्या. आता विचार करतो तर खटकते. कचऱ्याची कला कुणी शिकवलेली नाही, त्याने कमावलेली नाही, ते एक व्यंग आहे. आणि त्याच्या वतीने बोलतो तोही दुसराच.

खरे बाळू असे नव्हते. जन्म १८७६, धारवाडचा. घराणे रत्नागिरीकडच्या पालवणचे, वडील सैन्यात. पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे-लोटण्याचे काम, महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात लागले, महिना चार रुपये. रोलर फिरवायचा, जाळी लावायची, टेनिस कोर्टाच्या रेषा मारायच्या. मग साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायलाही सांगू लागले. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज एकदा बाद केल्याबद्दल आठ आणे देई, अशी गोष्ट सांगतात. आम्ही बी. कॉम., लगेच हिशेब केला. ग्रेगला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला! डाव्या हाताची ती फिरकी अशी तासन् तास घाम गाळून तयार झाली. पण नेटमध्ये त्यांच्या हाती बॅट कुणी दिली नाही. चेंडू टाकणे हे गड्याचे काम, फटके मारणे साहेबाचे.

पुण्याच्या हिंदू क्लबाने मग त्यांना संघात घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र संघाला पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यातून. जेवणाला ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर अस्पृश्य गड्याने मैदानाच्या कोपऱ्यात आणून द्यायचे. साताऱ्याला गोऱ्यांच्या संघाविरुद्ध बाळूंनी सात गडी टिपले, न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर कौतुक केले, तेव्हा कुठे जरा फरक पडला.

हे वाचताना आम्हाला आमच्याच कंपनीतली एक गोष्ट आठवते. कंपनीचे नाव कशाला. आंतर-कंपनी स्पर्धेत आमचा मुख्य गोलंदाज ठेकेदाराकडचा पोरगा होता, नांदेडकडचा. मस्टरवर हेल्पर, काम ऑपरेटरचे, पगार हेल्परचा. अंतिम सामन्यात त्याने चार गडी घेतले आणि कप आला. दुसऱ्या दिवशी कँटीनजवळ फोटो निघाला तो फक्त कायम कामगारांचा. पोरगा त्या वेळी लाइनवर होता. सहा महिन्यांनी त्याचा ब्रेक झाला. मस्टर आम्हीच भरत होतो, नावापुढे रेघ आम्हीच मारली. जात विचारून केले असे आम्ही म्हणणार नाही. पण फोटोत तो नव्हता.

बाळूंकडे परत येऊ. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला गेले, हिंदू जिमखान्याकडून खेळले, रेल्वेत नोकरी मिळाली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तो बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत दलितांनी त्यांचा सत्कार केला आणि त्याचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले, असे इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. म्हणजे तेव्हा बाळू कुणाचे होते? बाबासाहेबांना ते आपले वाटले होते.

एवढा पराक्रम करूनही कर्णधारपद मिळाले नाही. चार भाऊ, शिवराम, गणपत आणि विठ्ठलसुद्धा अव्वल खेळाडू, तरीही नाही. १९२० साली चौरंगी सामने पुण्यात झाले. बाळूंना वगळले. कर्णधार पै आजारी पडले, तर विठ्ठलला डावलून देवधरांना कर्णधार केले. विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ संघ सोडला आणि जातीमुळे आमचा अपमान झाला, असे जाहीरपणे सांगितले. पुण्यात, शंभर वर्षांपूर्वी! शेवटी अंतिम सामन्याला बाळूंना उपकर्णधार करावे लागले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी संघ सांभाळला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला. आमच्यासाठी सिनेमाचा मध्यबिंदू हा आहे. इथे कुणी भुवन आला नाही. भाऊच उठले.

आता १९३७. पोराचे म्हणणे खरे आहे, ते लपवायचे कशाला? स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या उलट बाजूला होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. आमच्या मते बाळू तिथे चुकले. ज्यांनी चहा बाहेर दिला त्यांच्याच घरी न्याय मिळेल असे त्यांना वाटले. पण अकरा हजार मतांत आपल्या वस्त्यांतली मते नव्हती काय? एकाच चाळीत दोन्ही बाजू राहत होत्या. सिनेमावाले बहुधा हे प्रकरण गाळतील, कारण नायक हरलेला चालत नाही. त्यांनी ते दाखवावे अशी आमची इच्छा आहे. बाळू ४ जुलै १९५५ ला गेले. दीक्षेचा दिवस त्यांनी पाहिला नाही. पाहिला असता तर काय केले असते, हा वाद आपण रिकाम्या वेळी घालू.

'आपला नाही' हे बोलणे मात्र आम्हाला मान्य नाही, आणि ते ज्याच्यासमोर बोललो त्याची क्षमा मागणे हे मोठ्यांचे काम. मंगळवारी ड्युटीवरून आल्यावर आम्ही त्या पोराला बरोबर घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. वहिनींनी पाणी दिले, चहा ठेवला. पोरगा बराच वेळ मोबाईलकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाबा, मी तसं बोलायला नको होतं. पण बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते, हे पत्रकावर आलं पाहिजे. नाहीतर मी खेळणार नाही."

आम्हाला घाम फुटला. शेजारी हसले. "लिही की. हरलेच होते ते. पण लेका, एकशेचौदा विकेटी पण लिही," म्हणाले, आणि दोनशे एक्कावन्नची पावती फाडायला लावली.

पत्रक काल छापायला गेले. दोन्ही आकडे आहेत. अक्षराच्या आकारावरून अजून कुरबुर चालू आहे, ती मुद्रिताची दुरुस्ती करताना मिटवू. कंत्राटी कामगारांच्या संघांना प्रवेश फी निम्मी ठेवली आहे. नावे विहारात संध्याकाळी सातनंतर द्यावीत.