रंगविलेलें वार्धक्य

जुन्या वस्तूंचा मान राखण्याची इच्छा आपल्या सुशिक्षित वर्गांत वाढूं लागली आहे, ही गोष्ट कोणासही आनंदाचीच वाटेल. परंतु मान राखण्याच्या कांहीं रीती अशा असतात कीं, त्यांपेक्षां अपमान पत्करला. जुन्या बाजारांतून एखादें सागवानी वा शिसवी कपाट अल्प किंमतीस आणावें. त्यास खडूसारखा निस्तेज, फिकट रंग फांसावा. रंग वाळला कीं कांचकागदानें कडा घासून तो जागजागीं उडवावा. नक्षीच्या खांचांत काळपट मेण भरून तेथें वर्षानुवर्षांचा मळ साचल्याचा आभास उत्पन्न करावा. आणि मग आपण जुन्या वस्तूचें पुनरुज्जीवन केलें असें पाहुण्यांस सांगावें, ही जी रीत हल्लीं मोबाईलच्या पडद्यावरून घरोघर शिकविली जात आहे, ती या जातीची आहे. तिचा आम्ही निषेध करितों, आणि तो सकारण करितों.

ही रीत मूळची आपल्याकडची नाहीं. अमेरिकेंत रेचेल अ‍ॅशवेल या बाईंनीं १९८९ सालीं ‘शॅबी शीक’ नांवाचें दुकान काढलें. इंग्लंडांत अ‍ॅनी स्लोन यांनीं १९९० सालीं ‘चॉक पेंट’ नांवाचा रंग काढला. पण परदेशी म्हणून वाईट, असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. खुर्ची, मेज आणि आरशाचें कपाट हीं तरी आपल्या पूर्वजांच्या घरीं कोठें होतीं? पाट, चौरंग, फडताळ आणि एखादी पेटी एवढ्यावर ज्यांचा संसार होत असे, त्यांच्या नातवांनीं साहेबाच्या कचेरींत खुर्ची पाहिली आणि गांवच्या सुताराकडून तशीच सागाची करवून घेतली. तेव्हां उसनें घेण्याबद्दल आमची तक्रार नाहीं. उत्तर युरोपांत सामान्य घरांतून चिडासारखें फिकट, गांठाळ लाकूड वापरीत, हिवाळ्यांत तेथें उजेडही थोडा. त्या लाकडास रंग देण्याची चाल तेथें पूर्वापार चालत आली, तिला कारण होतें. आपण चाल उचलली आणि कारण तिकडेच ठेविलें.

या वादांत आम्हांला एक साक्षीदार बोलवावयाचा आहे, आणि तो मावळांतच आहे. मळवली स्टेशनावरून पायीं जाण्याजोग्या अंतरावर भाजें गांव आहे. गांवाच्या डोक्यावर डोंगराच्या कुशींत जीं लेणीं आहेत, त्यांतील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकांतलें मानितात. त्याच्या कमानदार छताखालीं सागाच्या वांकविलेल्या फांसळ्या बसविलेल्या आहेत. खडकांत कोरलेल्या छतास फांसळ्यांचा आधार लागत नाहीं. तरी त्या बसविल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा दोन हजारांहून अधिक वर्षें जागच्या जागीं आहेत. लेण्याच्या तोंडाशीं लाकडी दर्शनी भाग होता, तो केव्हांच नष्ट झाला. तो अडकविण्यासाठीं खडकांत पाडलेलीं भोकें तेवढीं राहिलीं. या फांसळ्यांपैकीं कांहींवर ब्राह्मी अक्षरें आहेत, हें विसाव्या शतकांत संशोधकांच्या ध्यानांत आलें. मधल्या वीस-बावीस शतकांत एखाद्या हौशी उद्धारकानें त्या घासूनपुसून त्यांवर फिकट निळा हात मारिला असता, तर तीं अक्षरें आज कोणी वाचलीं असतीं काय?

येथें एखादा चतुर प्रतिपक्षी आमचाच साक्षीदार आमच्यावर उलटवूं पाहील. तो म्हणेल, “अहो, भाज्याचें लेणें हीच मुळीं एक नक्कल आहे. तेथले अष्टकोनी खांब आंतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी मंडपांत छताचा रेटा सोसण्यासाठीं खांब असे कलते उभारीत. दगडांत त्याची गरज काय? दगडानें लाकडाचें सोंग घेतलेलें तुम्हांला चालतें, मग सागानें रंगाचें सोंग घेतलें तर एवढा गहजब कां?” आक्षेप पोकळ नाहीं, म्हणूनच त्याचें उत्तर देणें प्राप्त आहे. भाज्याच्या पाथरवटांनीं नक्कल केली ती आकाराची केली. वयाची केली नाहीं. ओळखीचें लाकडी घर त्यांना दगडांत उभें करावयाचें होतें, आणि तें त्यांनीं त्या दिवशीं नवें करकरीत म्हणूनच उभें केलें. खांबांच्या कडा त्यांनीं मुद्दाम झिजविल्या नाहींत कीं कमानींना खोट्या भेगा पाडल्या नाहींत. तें काम पुढें पावसानें, वटवाघुळांनीं आणि येणाराजाणारांनीं सावकाश केलें. आकार उसना घेणें हा कलेचा जुना व्यवहार आहे. काळ उसना घेणें ही बनावट होय. कोऱ्या कागदास चहाचें पाणी लावून तो आजोबांच्या वेळचा म्हणून कोणी कोर्टांत हजर केला, तर त्याच्या रसिकतेचें कोणी कौतुक करीत नाहीं.

याच लेण्यांच्या पायथ्याच्या पट्ट्यांत आतां सुटीच्या दिवसांचे बंगले पुष्कळ झाले आहेत. अशा एका बंगल्यांत आम्हीं एक शिसवी कपाट पाहिलें. यजमानीणबाई सुशिक्षित, रसिक आणि आतिथ्यशील. कपाट त्यांच्या आजेसासऱ्यांचें, म्हणजे ऐंशीएक वर्षांचें. त्यास बाईंनीं स्वहस्तें फिकट निळा रंग दिला होता, कोपरे घासून खालचें लाकूड उघडें केलें होतें आणि खांचांत काळें मेण चोळलें होतें. “आतां कसें अगदीं जुनें वाटतें, नाहीं?” त्यांनीं मोठ्या प्रेमानें विचारिलें. आम्ही चहा घेतला. ऐंशी वर्षांचें कपाट जुनें दिसावें म्हणून आधीं त्याचीं ऐंशी वर्षें पुसावीं लागलीं, ही गोष्ट त्या घरांत कोणाच्याच मनांत आलेली दिसली नाहीं. ज्या मुठीभोंवतीं चार पिढ्यांच्या बोटांनीं लाकूड खरोखर झिजविलें होतें, तेथें रंगाचा थर जाड बसला होता. आणि खोटी झीज केली होती ती वरच्या कोपऱ्यास, जेथें स्टुलावर चढल्यावांचून कोणाचा हात पोंचत नाहीं.

हातांची झीज, समईच्या तेलाचा डाग, पोरांनीं कर्कटकानें कोरलेलें नांव, हीं सर्व त्या घराची बखर असते. आमच्या घरीं एक सागवानी कपाट आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटून पुण्यास जो पूर आला, त्यांत तें उभें होतें. त्याच्या अंगावर छातीइतक्या उंचीवर एक काळसर रेघ आहे. एका सुताराने ती “साफ काढून देतों” असें सांगितलें होतें. आम्हीं त्यास दार तेवढें नीट बसवून द्यावयास सांगितलें.

आतां थोडें लाकडाच्या स्वभावाविषयीं. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर लाखेचे किडे जी लाख करितात, तिचा चपडा स्पिरिटांत विरघळवून, कापसाचा बोळा फडक्यांत गुंडाळून, त्यानें पातळ पातळ हात देत जें पॉलिश चढवितात, त्यास आपण फ्रेंच पॉलिश म्हणतों. लाख मात्र आपल्याच रानांतली. त्याचा मोठा गुण असा कीं, तें पुन्हां स्पिरिटांत विरघळतें. पन्नास वर्षांनीं नवा हात दिला तर तो जुन्या थरांत मिसळून जातो, आणि सगळेंच काढावयाचें म्हटलें तरी लाकडास धक्का न लावितां काढतां येतें. रंगाचें तसें नाहीं. साग व शिसव यांचीं छिद्रें मोठीं. रंग त्यांत उतरून बसतो. तो काढावयास कॉस्टिक लावावा तर साग काळा पडतो, आणि घासावा तर रंगाबरोबर लाकडाचा जुना पृष्ठभागही जातो. म्हणजे एका दुपारच्या हौसेनें पुढच्या तीन पिढ्यांचे हात बांधले जातात. बरें, वरचें मेण तरी या हवेंत टिकावें! लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मेणावर पाण्याचे डाग उठतात, उन्हाळ्यांत तें मऊ पडून धूळ धरितें, आणि मग पुन्हां पुन्हां डबी उघडावी लागते.

प्रतिपक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें निराळेंच आहे. रंगविलें नसतें तर तें कपाट वखारींत फळ्या होऊन विकलें गेलें असतें, असें ते म्हणतात. वाडे पाडल्यावर तुळया आणि दारें वजनावारी जातांना ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हें म्हणणें हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. कुऱ्हाड आणि निळा रंग या दोहोंतच निवड असेल तर आम्हीही रंगच निवडूं. परंतु ज्या घरांत हा रंग लागतो, त्या घरांत कुऱ्हाड बहुधा दारापर्यंतही आलेली नसते. परदेशी रंगाचे डबे कांहीं फुकट येत नाहींत; तोच पैसा पॉलिशवाल्यास द्यावा. मेलामाईन आणि पीयू यांच्या फवाऱ्यांपुढें बोळ्याचें काम जाणणारे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, आणि त्यांना काम देणारा वर्ग तो हाच.

कित्येक भगिनी अशीं रंगविलेलीं मेजें विकून चार पैसे मिळवितात, त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. त्यांनीं प्लायवूड रंगवावें, खोक्यांचें चिडाचें लाकूड रंगवावें. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं पांगाऱ्यासारखें मऊ, फिकें लाकूड घेऊन त्यावर लाखेच्या रंगांची जी बहार उडविली, ती पाहून कोणाचें मन प्रसन्न होत नाहीं? तेथें रंग लाकडाला झांकीत नाहीं, त्याची उणीव भरून काढतो. एक सूचना मात्र या भगिनींस अवश्य करावीशी वाटते. जुन्या तेलरंगांत शिसें असे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीं रंगविलेलें दार किंवा पाळणा गॅलरींत बसून कोरडाच घासूं लागल्यास ती धूळ घरांतल्या रांगत्या मुलाच्या पोटांत जाते, आणि शिशाचा मारा लहानांच्या मेंदूवर सर्वांत अधिक होतो.

राहतां राहिला प्रश्न, कपाट खरोखरच मळकट आणि खिळखिळें झालें असेल तर काय करावें? प्रथम साबणाच्या कोमट पाण्यांत फडकें घट्ट पिळून तें पुसावें आणि सावलींत वाळूं द्यावें. सांधे ढिले असतील तर खिळे न ठोकतां सरस घालून आवळावे. पॉलिश कोठें कोठें उडालें असेल तर तेवढ्याच जागीं चपड्याचा हात द्यावा. रेघा आणि झीज जशीच्या तशी राहूं द्यावी. मावळांत राहणारांनीं हें काम आश्विन लागेपर्यंत मात्र काढूं नये. हवेंत ओल असतां पॉलिशवर पांढुरका धुरकटपणा येतो, आणि पॉलिशवाल्यास दुसऱ्यांदा बोलवावें लागतें.