पहारा घरचा कीं फौज परमुलुखीं?

आमच्या गांवीं पारावर नेहमीं एक बोलणें ऐकूं येतें. कोठें घातपात झाला, बाजारांत किंवा आगगाडींत बाँब फुटला, कीं चहाचा पेला खालीं ठेवून कोणीतरी म्हणतो, "घाला फौज त्यांच्या मुलखांत आणि लावा एकदांचा निकाल!" बाकीचे माना डोलावतात. टेलिव्हिजनवर आणि मोबाइलवर तर याहून मोठ्यानें ओरडणारे आहेत. त्या ओरडणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी फौजेंत नसतें. आमचें तसें नाहीं. आम्ही खेड्यांतले मास्तर. पहाटे शाळेच्या पटांगणावर भरतीसाठीं धावणारीं पोरें आमच्याच हाताखालून गेलेलीं आहेत. कोणाचा बाप दोन एकर जिराईत कसतो, कोणाचा सुतारकी करतो, कोणाची आई भांगलणीला जाते. "फौज घाला" याचा अर्थ या पोरांना घाला, असा आहे. तेव्हां हा प्रश्न आम्हांस गप्पांचा वाटत नाहीं, हिशेबाचा वाटतो.

प्रश्न असा: परक्या देशांत फौज पाठविल्यानें आपला देश दहशतवादापासून निर्धोक होतो काय? आमचें मत असें कीं, बहुतेक वेळां होत नाहीं. उलट जो आपला वैरी नव्हता तो वैरी होऊन दाराशीं येतो. मत सांगून आम्ही थांबणार नाहीं. पुरावा देतों, वाचकांनीं तो तपासून घ्यावा.

पहिला पुरावा लंकेचा. जुलै १९८३ मध्यें कोलंबोंत तामिळ लोकांची कत्तल झाली आणि हजारों निर्वासित समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. त्यांच्याविषयीं कळवळा वाटणें योग्यच होतें. पण दिल्लीच्या सरकारनें कळवळ्यापाठोपाठ आणखी एक गोष्ट केली. तामिळ बंडखोरांच्या टोळ्यांना, आणि त्यांत 'लिट्टे'च्या वाघांनाही, आपल्या भूमीवर शस्त्रांचें शिक्षण दिलें. पुढें २९ जुलै १९८७ रोजीं राजीव गांधी व लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि आमची फौज 'शांतिसेना' या नांवानें तेथें उतरली. वाघांनीं शस्त्रें खालीं ठेवावीं, लंकेच्या सरकारनें तामिळांना हक्क द्यावेत आणि आमच्या जवानांनीं मध्यें उभें राहावें, असा बेत होता. कराराच्या दुसऱ्याच दिवशीं मानवंदना घेत असतां राजीव गांधींवर लंकेच्या एका नौसैनिकानें बंदुकीच्या दस्त्याचा प्रहार केला. ज्यांच्या घरांत आपण शिरलों त्यांच्या मनांत काय होतें, तें त्याच दिवशीं दिसलें.

ऑक्टोबर १९८७ पासून, ज्यांना आपण बंदूक धरायला शिकविलें त्यांच्याशींच आपली लढाई जुंपली. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान त्यांत होते, महार रेजिमेंटचे होते. मुंबईंत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन् हे ८ महार पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजीं छातींत गोळी लागली असतांही त्यांनीं शत्रूच्या हातची बंदूक हिसकून घेतली, आणि लढतां लढतां प्राण सोडला. सरकारनें त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिलें. जवानांच्या शौर्याला कोठें डाग नाहीं; आमचा प्रश्न पाठविणारांना आहे. सत्तर हजारांवर फौज तेथें गेली. अकराशेंहून अधिक जवान परत आले नाहींत, आणि हजारों जखमी झाले. दुसरीकडे जाफना रुग्णालयांत ऑक्टोबर १९८७ मध्यें डॉक्टर, परिचारिका व रोगी गोळीबारांत मेले आणि त्याचा आरोप आमच्या फौजेवर आला. ज्यांच्या रक्षणासाठीं गेलों त्यांच्याच आयाबहिणी आम्हांला शाप देऊं लागल्या.

शेजारच्या गांवीं त्या लढाईंतून आलेले एक हवालदार आहेत. त्यांना सारे आप्पा म्हणतात. सुरुंगानें त्यांचा डावा पाय घोट्यापासून गेला. आम्हीं एकदां शाळेंतल्या पोरांसमोर बोलायला बोलाविलें, तर "मास्तर, पोरांना काय सांगूं?" म्हणून त्यांनीं टाळलें. मग बांधावर बसून आम्हांलाच सांगितलें. उतरलों तेव्हां लोकांनीं गळ्यांत हार घातले. पुढें त्याच रस्त्यांत सुरुंग पेरलेले सांपडूं लागले. लढायचें कोणाशीं, किती दिवस, आणि जिंकलें म्हणजे काय झालें म्हणायचें, हें शेवटपर्यंत कोणी सांगितलें नाहीं, असें आप्पांचें म्हणणें. आमच्या मतें सगळ्या प्रकरणाचा निवाडा या एका वाक्यांत आहे.

शेवट कसा झाला? लंकेंत नवे अध्यक्ष प्रेमदासा आले. त्यांना आमची फौज नको होती. ती जावी म्हणून त्यांनीं वाघांना गुपचूप शस्त्रें पुरविलीं. २४ मार्च १९९० रोजीं आमचा शेवटचा जवान परतला. आणि २१ मे १९९१ रोजीं श्रीपेरुम्बुदूर येथें लिट्टेच्या एका बाईनें अंगाला बाँब बांधून राजीव गांधींचा जीव घेतला. हे पुन्हा सत्तेवर आले तर फौज परत धाडतील, या भीतीनें हा कट रचला गेला, असें सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ सालच्या निकालांत आलें आहे. प्रेमदासांना तरी काय मिळालें? १ मे १९९३ रोजीं वाघांनीं त्यांनाही तसेंच मारलें.

शेतकऱ्याच्या भाषेंत सांगायचें तर, शेजाऱ्याच्या उसांत रानडुकरें शिरलीं म्हणून आपण रात्रीं काठ्या घेऊन त्याच्या फडांत घुसलों. शेजाऱ्याचा ऊस तुडविला, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि बिथरलेलीं डुकरें आपल्याच भुईमुगांत आलीं. यांत भर अशी कीं, त्या डुकरांना आधीं दाणा आपणच घातला होता.

दुसरा पुरावा इराकचा. आमच्या सातारा-सांगलीच्या लोकांना हा मुलूख नवा नाहीं. इंग्रजांनीं पहिल्या महायुद्धांत मराठ्यांच्या पलटणी तेथें नेल्या. कूत-अल्-अमारा या गांवीं तुर्कांनीं वेढा घातला, उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार फौज शरण गेली. त्यांत मराठा पलटणींचे शिपाई होते. कैदेंत वाळवंट तुडवितांना कित्येक मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवानें त्या महायुद्धांत ४६ माणसें गमावलीं. म्हणून त्या गांवाच्या नांवापुढें आजही 'मिलिटरी' लागतें. त्या मरणानें अपशिंग्याचें कोणतें शेत राखलें गेलें? इराकांत इंग्रजांचें काम होतें, आमचें नव्हतें.

पुढें २००३ सालीं अमेरिकेनें इराकांत फौज घातली आणि आपल्या सरकारकडेही फौज मागितली. आपल्याकडील कांहीं शहाण्यांना तो मान वाटला. पण वाजपेयींच्या सरकारनें जुलै २००३ मध्यें नकार दिला. हा नकार फार शहाणपणाचा होता, आणि पक्ष कोणताही असो, त्याबद्दल आम्ही त्यांस श्रेय देतों. सद्दाम जुलमी होता, यांत शंका नाहीं. पण त्याचें राज्य मोडल्यावर फौजेंतून काढलेले, बेकार झालेले, चिडलेले लोक टोळ्यांना मिळाले आणि त्यांतूनच पुढें 'इसिस' उभी राहिली. तिनें जून २०१४ मध्यें मोसूल शहर घेतलें. तेथें मजुरीला गेलेले ३९ हिंदी कामगार पकडून ठार मारले. त्यांत बहुतेक पंजाबचे होते. दहशतवाद मारायला म्हणून जी लढाई काढली, तिच्याच राखेंतून त्याहून भयंकर दहशतवाद निघाला. त्या आगींत आमचीं पोरें गेलीं नाहींत, तीं एका नकारामुळें.

आतां घरचा पहारा म्हणजे काय तें पाहूं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गानें मुंबईंत शिरले. १६६ माणसें मेलीं. त्या वेळीं अमेरिकेची बलाढ्य फौज सात वर्षें अफगाणिस्तानांत बसलेली होती, आणि पाकिस्तान तिचा सोबती म्हणून तिच्याकडून पैसा घेत होता. त्या फौजेच्या शेजारींच लष्कर-ए-तोयबानें या दहा जणांना तयार केलें. फौज तिकडे आणि मुंबईचा किनारा इकडे उघडा! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात तें हेंच.

त्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर अजमल कसाबला जिवंत धरला तो कोणीं? जावळी तालुक्यांतील केडंबे गांवच्या तुकाराम ओंबळे यांनीं. मुंबई पोलिसांतले ते सहायक फौजदार. हातांत फक्त काठी. समोरच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनीं धरली, गोळ्या पोटांत घेतल्या, पण नळी सोडली नाहीं. मागच्या सोबत्यांनीं कसाबला पकडलें. तो जिवंत सांपडला म्हणून सगळा कट उघड झाला, पाकिस्तानला जगापुढें मान खालीं घालावी लागली. उघड्या न्यायालयांत खटला चालून २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यांत त्याला फांशी झाली. परमुलुखांतल्या फौजेला जें साधलें नाहीं, तें आमच्या डोंगरांतल्या एका शेतकऱ्याच्या मुलानें स्वतःच्या शहरांत पहारा करतांना साधलें. पण काठीवर बंदूक अडवावी लागली, ही सरकारला लाज आणणारी गोष्ट आहे. त्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था निघाली, मुंबईंत कमांडोंचें ठाणें झालें, किनाऱ्याची गस्त वाढली. हें सर्व आधीं झालें असतें, तर ओंबळे आज पेन्शन घेऊन केडंब्यांत बसले असते.

कोणी म्हणेल, मास्तर, १९७१ विसरलांत काय? विसरलों नाहीं. डिसेंबर १९७१ मध्यें आमची फौज बांगलादेशांत गेली, तेरा दिवसांत काम झालें, आणि मार्च १९७२ मध्यें ती परत आली. नोव्हेंबर १९८८ मध्यें मालदीवच्या अध्यक्षांनीं हांक मारली. आमचे छत्रीधारी जवान गेले आणि कांहीं तासांत त्यांनीं बंड मोडलें. यांत आणि लंकेंत फरक कोणता? तेथें घरच्यांनीं बोलाविलें होतें, काम ठरलेलें होतें, आणि काम होतांच आपण उंबरठ्याबाहेर पडलों. लंकेंतही अध्यक्षांची सही होती, पण लोक राजी नव्हते आणि कामाला शेवट नव्हता.

कोणी म्हणेल, २००१ नंतर अमेरिकेवर तसा हल्ला पुन्हा झाला नाहीं. खरें आहे. पण त्यांनीं विमानतळ, बंदरें, पैशांची ये-जा यांवर जो कडक पहारा बसविला, त्याचें श्रेय अफगाणिस्तानांतल्या फौजेला कसें देतां? बिन लादेन २०११ सालीं पाकिस्तानांत सांपडला, तोही नीट माग काढून आणि मूठभर माणसें पाठवून. वीस वर्षें बसलेली फौज ऑगस्ट २०२१ मध्यें निघाली, आणि काबूल पुन्हा तालिबानच्याच हातीं गेलें.

आणि पहलगाम? एप्रिल २०२५ मध्यें तेथें २६ जणांचा जीव घेतला, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राचे. मे महिन्यांत आपल्या सैन्यानें सीमेपलीकडच्या ठाण्यांवर मारा केला. मारा करून परतणें वेगळें आणि परक्या मुलखांत फौज बसविणें वेगळें. मारणाराला जबाब देऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. पण जबाब दिला म्हणजे पहारा झाला, असें समजून कोणी झोपूं नये.

तर शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपण काय करावें? आपल्या देशांत परमुलुखीं फौज धाडण्यापूर्वीं लोकसभेचें मत घेतलेंच पाहिजे, अशी सक्ती नाहीं. ती असावी, ही मागणी आपण करावी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला चार प्रश्न विचारावे. बोलाविलें कोणीं? काम कोणतें? परत केव्हां? आणि जो परत येणार नाहीं, त्याच्या घरचें कोण पाहणार? चारही उत्तरें सरळ मिळालीं तर पोरें पाठवायला आपली जात कधीं मागें सरली नाहीं. आपली जात म्हणजे कष्टकऱ्यांची. उत्तरें मिळालीं नाहींत, तर पारावर "घाला फौज" म्हणून माना डोलावूं नयेत, एवढीच विनंति.

उद्यां पहाटे तीं पोरें पुन्हा पटांगणावर येतील. आम्ही त्यांना धावूं नका म्हणणार नाहीं. देशाचा पहारा त्यांच्याच खांद्यावर आहे. आप्पांना मात्र पुन्हा शाळेंत बोलाविणार आहोंत. या खेपेस ते आले, तर पोरांना जें सांगतील तें याच पत्रांतून कळवूं.