गॅनोडर्मा: विक्रेत्यांनी बदनाम केलेले औषध

'मधुमेह मुळासकट जातो, कॅन्सरची गाठ विरघळते आणि नैसर्गिक असल्यामुळे अपाय काहीच नाही.' गॅनोडर्मा या अळंबीच्या कॅप्सूल आणि कॉफीची पाकिटे साखळी पद्धतीने विकणारे आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत हेच सांगत फिरतात. यातला एकही दावा तपासणीत टिकत नाही.

टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये एकत्र तपासल्या. गॅनोडर्माने तीन महिन्यांची सरासरी साखर उतरल्याचे दिसले नाही. कॅन्सरवरील पाच चाचण्यांत ३७३ रुग्ण होते. मुख्य उपचार म्हणून ते द्यावे इतका पुरावा मिळाला नाही. आणि अपाय? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका आहे, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. सोमलही नैसर्गिकच असतो.

पण म्हणून 'हे सगळे थोतांड' म्हणत हात झटकणाऱ्या डॉक्टरांशीही माझे पटत नाही. कॅन्सरच्या त्याच चाचण्यांत केमो-रेडिएशनच्या जोडीला गॅनोडर्मा दिलेल्या रुग्णांचा प्रतिसाद अधिक चांगला होता, हे ते सांगत नाहीत. या अळंबीतल्या बीटा-ग्लुकान शर्करा आपल्या भक्षकपेशींवरच्या डेक्टिन-१ या ग्राहकाला चिकटतात आणि प्रतिकारशक्तीला जाग आणतात. शिताके अळंबीतून काढलेल्या अशाच लेंटिनानला जपानने १९८५ मध्ये जठराच्या कॅन्सरात केमोच्या जोडीने वापरायची मान्यता दिली. अळंबीतून औषध निघते, यात वाद उरलेला नाही.

वाद आहे तो पाकिटात काय आहे याचा. चिनी वैद्यांची लिंगझी म्हणजे हीच अळंबी: वरून लाखेचा हात दिल्यासारखी तांबडी-तकतकीत, आतून लाकडासारखी चिवट. ती चावून खाता येत नाही. काप करून बराच वेळ उकळतात आणि कडूजहर काढा पितात. तो कडूपणा गॅनोडेरिक आम्लांसारख्या ट्रायटर्पिनांचा. बीटा-ग्लुकान गरम पाण्यात उतरतात, ट्रायटर्पिने मद्यार्कात जास्त. नुसती कच्ची भुकटी कॅप्सूलमध्ये भरली, तर कायटिनच्या भिंतीत अडकलेला ऐवज पोटाला कितपत मिळणार? अमेरिकेत विकत घेतलेल्या १९ नमुन्यांचे पृथक्करण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लेबलप्रमाणे खरा माल निघाला फक्त पाचांत.

तेव्हा विकायला येणाऱ्याला विचारा: अळंबीची जात कोणती, अर्क की भुकटी, बीटा-ग्लुकान किती टक्के? कॅन्सर किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात हा १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला ऐकवा. घ्यायचेच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. आणि कोणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन किंवा केमो बंद करू नका.