समुद्रालाही खत घालायचं?

सोयाबीन पिवळं पडलं की आपल्याकडे फेरस सल्फेट, म्हणजेच हिराकस फवारतात. लोहाची कमतरता भरून निघते, पानं हिरवी होतात. परभणीत कृषी विद्यापीठ असल्यामुळे हे इथल्या अनेकांना तोंडपाठ असेल. पण हेच हिराकस समुद्रात टाकलं तर? २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते करून पाहिलंय.

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग. नाव ‘लोहाफेक्स’, त्यातलं ‘लोहा’ आपलंच. कल्पना साधी होती. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर. कमी पडतं ते लोह. ते दिलं की सूक्ष्म वनस्पती वाढतील, कार्बन डायऑक्साइड शोषतील आणि मेल्यावर तो कार्बन घेऊन खोल बुडतील. तिथे तो शेकडो वर्षं राहू शकतो.

जहाज निघालं आणि वाद पेटला. मोठ्या प्रमाणावर असे प्रयोग नकोत, असं जैवविविधता करारातल्या देशांनी २००८ मध्येच ठरवलं होतं. जर्मन सरकारने आधी काम थांबवलं, मग परवानगी दिली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडलं गेलं.

झालं काय? वनस्पती वाढल्या, पण कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जीवांनी त्या फस्त केल्या. सिलिकाचं कवच असलेल्या डायटम वनस्पती चांगल्या बुडतात. पण तिथल्या पाण्यात सिलिकाच जवळपास संपलेलं होतं. त्यामुळे तळाकडे फारच थोडा कार्बन गेला. याउलट २००४ च्या ‘आयफेक्स’ प्रयोगात डायटम वाढले आणि त्यांचा निम्म्याहून अधिक भाग १००० मीटरखाली बुडाला. लोह तेच, समुद्रही तोच, जागा वेगळी!

म्हणजे उपाय खोटा नाही, पण बेभरवशाचा आहे. खरी मेख इथेच आहे. सोयाबीन हिरवं झालं का, हे बांधावरून दिसतं. किती कार्बन खोल गेला आणि तो तिथे किती वर्षं राहील, हे मोजणं मात्र महाकठीण. ते न मोजताच उद्या कुणी त्यावर कार्बन क्रेडिट विकले, तर कारखान्यांचा धूर चालूच राहील आणि हिशेब फक्त कागदावर जुळेल.

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा समुद्र आजही गिळतोच आहे, तोही आम्लता वाढण्याची किंमत मोजून. आपल्यापासून समुद्र कितीही लांब असला, तरी आपला पाऊस तिथूनच येतो. त्यामुळे प्रयोग जरूर व्हावेत. पण धूर कमी करण्याचं काम त्यांच्या भरवशावर लांबणीवर टाकणं मराठवाड्याला परवडणारं नाही.