शिशाच्या पट्टीवरचे प्रश्न

ग्रीसच्या सहलीला जाणारी आपली माणसं अथेन्स पाहतात, फार तर डेल्फी करतात आणि परततात. वायव्येकडच्या डोडोनाला क्वचितच कुणी जातं. खरं तर हेरोडोटसच्या मते ग्रीसमधलं सर्वांत जुनं कौलस्थान ते हेच!

आयोआनिना शहराजवळ, टोमारोस डोंगराच्या पायथ्याशी ही जागा आहे. देव झ्यूस, जोडीला दिओनी देवी. पण सगळं माहात्म्य होतं ते एका ओकच्या झाडाचं. झ्यूस त्या झाडातून बोलतो, अशी श्रद्धा. होमरच्या 'ओडिसी'तही हा ओक येतो: इतक्या वर्षांनी मायदेशी परतायचं ते उजळ माथ्याने की गुपचूप, हे विचारायला ओडिसियस तिथे गेलाय, अशी एक बातमी त्यात आहे.

डेल्फीला राजेरजवाड्यांचे प्रश्न गाजले. डोडोनाला मात्र सामान्य माणसाचे प्रश्न टिकले, आणि तेही ज्याच्या-त्याच्या बोलीत. प्रश्न शिशाच्या पातळ पट्टीवर कोरायचा आणि पट्टी दुमडून ठेवायची. एकोणिसाव्या शतकात उत्खनन सुरू झालं आणि अशा पट्ट्या सापडत गेल्या. २०१३ साली त्यांतले चार हजारांहून अधिक लेख एकत्र प्रसिद्ध झाले. बहुतेक इसवी सनापूर्वीच्या सहाव्या ते दुसऱ्या शतकांतले.

काय विचारलंय त्यांत? हर्मोन विचारतो, कुठल्या देवाला साकडं घातलं तर क्रेताइयापासून आणखी चांगली मुलं होतील? आगिसच्या गोधड्या आणि उशा हरवल्यात. बाहेरच्या कुणी चोरल्या का? क्लेओतासला मेंढ्या पाळणं फायद्याचं ठरेल का, हे हवंय. लिसानियासचा प्रश्न जड आहे: अन्निलाच्या पोटातलं मूल माझंच ना? गुलामांनी सुटकेबद्दल विचारलंय. आणि आहे तिथेच राहू की दुसऱ्या गावी जाऊन बस्तान बसवू, हेही पुष्कळांनी विचारलंय. कोर्फूच्या नागरिकांनी तर सामुदायिक प्रश्न टाकला: कुठल्या देवाला नैवेद्य दाखवला म्हणजे आमच्यात एकोपा राहील? (आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेआधी हा प्रश्न विचारायला हरकत नाही!)

यात एक गोष्ट लक्षात येते. 'माझं पुढे काय होणार?' असं विचारणारे थोडे. 'हे करू का? केलं तर बरं होईल का? त्यासाठी कुणाला भजू?' असंच बहुतेकांचं विचारणं. कोकणात, गोव्यात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात, तिथेही असंच नाही का? दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही, पण भाव तोच. निर्णय माणसाचा, देवाकडे मागायचा तो धीर.

उत्तरं मात्र पट्ट्यांवर फारच क्वचित सापडतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राटांनी जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आणली आणि तो ओकही गेला. गाव सोडू की नको, असं विचारणाऱ्यांपैकी कोण गेलं, कोण राहिलं, कुणाचं भलं झालं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. पण तो प्रश्न आपल्यापैकी कुणाला परका वाटेल?

ग्रीसला गेलात तर एक दिवस डोडोनासाठी राखून ठेवा. आणि तोवर जेवणाच्या टेबलावर मुलांना विचारून बघा: एकच पट्टी मिळाली, तर तुम्ही काय लिहाल? शेवटी आपणही लिहावं, हे ओघानं आलंच.